बाई, इतिहासाला एखादा सर सांगा

मार्चमधली एक संध्याकाळ. मोंढ्यात हळदीची आवक ऐन भरात होती, आमच्या गल्लीपर्यंत वास येत होता. दारात एक गृहस्थ उभे, मागं आठवीतला पोरगा. गृहस्थ मोंढ्यात हमाली करतात. "बाई, इतिहासाला एखादा सर सांगा," म्हणाले आणि चाचणीचा पेपर पुढं धरला. वीसपैकी पाच. कागद हातात घेतला तर लाल पाचाच्या शेजारी त्यांच्या अंगठ्याचा पिवळाधमक ठसा. हळदीची पोती उचलणाऱ्याच्या हाताचा रंग सीझन संपेपर्यंत जात नाही, साबण कितीही लावा.

हिंगोली जिल्ह्यातल्या शाळांत इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावरही आई-बाप येतात, पण ते गणिताला, इंग्रजीला, फार तर विज्ञानाला सर विचारतात. इतिहासाला सर मागणारा बाप पाहून मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग खरं कारण कळलं. पाचवीला आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, त्यात नापास झालं तर पुनर्परीक्षा, आणि तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. शाळेत मीटिंगला हे सांगितल्यापासून घरात कुणाला झोप नव्हती. मोठा मुलगा याच नियमाच्या आधी आठवीतून सहज वर सरकला होता, म्हणून या धाकट्याचं जास्तच टोचत होतं.

ती संध्याकाळ तुम्हाला नीट सांगावीशी वाटते. शिकवणी शोधायला निघालेल्या प्रत्येक आई-बापाला मी हल्ली तीच सांगते.

पोराला आत बसवलं, पुस्तक उघडायला सांगितलं आणि तैनाती फौजेचा परिच्छेद मोठ्यानं वाचून घेतला. घडाघडा वाचला. एकही अक्षर अडलं नाही. पुस्तक मिटलं आणि म्हटलं, आता तुझ्या शब्दांत सांग. पोरगा छताकडं बघायला लागला. मग एकदम पाठ केलेलं सुरू झालं: "पदरी फौज बाळगावी, दरबारी इंग्रज रेसिडेंट ठेवावा..."

"थांब. पदरी म्हणजे?"

गप्प.

"रेसिडेंट म्हणजे?"

"लॉज असतंय की बाई. बस स्टँडपाशी बोर्ड हाय, रेसिडेन्सी म्हणून."

बाप ओशाळला. मला मात्र त्या उत्तराचं कौतुक वाटलं. पोराचं डोकं चालत होतं, त्यानं बघितलेल्या जगातून अर्थ ओढून आणला होता. त्याला तोवर कुणी त्या शब्दाचा अर्थच विचारला नव्हता. (रेसिडेंट म्हणजे दरबारात बसवलेला इंग्रजांचा प्रतिनिधी.)

"राहतोस कुठं रे?"

"रिसाला बाजार."

"रिसाला म्हणजे काय?"

"आमचा एरिया."

मग मी वहीच्या मागच्या पानावर हिंगोलीचा ओबडधोबड नकाशा काढला. रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. ही सगळी आपल्या शहरातली रोजची नावं, ऑटोवाल्याला सांगायची. त्याला म्हटलं, रिसाला म्हणजे घोडदळ. पलटण म्हणजे पायदळ. तोफखान्यात तोफा. पेन्शनपुऱ्यात नोकरी संपलेले शिपाई. आता सांग, आपल्या हिंगोलीत एवढं लष्कर कुणाचं होतं?

"शिवाजी महाराजांचं."

मराठी शाळेतल्या पोराचं पहिलं उत्तर नेहमी हेच असतं. पण हिंगोली होती निजामाची. 1798 साली लॉर्ड वेलस्लीच्या तैनाती फौजेचा करार सगळ्यात आधी कुणी पत्करला असेल तर हैदराबादच्या निजामानं. पुढं निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणखी एक फौज उभी राहिली, हैदराबाद कंटिंजंट. तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, अशा ठिकाणी होत्या आणि त्यातली एक हिंगोलीला. (कागदोपत्री तैनाती फौज वेगळी आणि कंटिंजंट वेगळी. आठवीच्या पोराला हा फरक सांगून घोळात घालायची गरज नाही, पण तुम्हाला सांगून ठेवते, नाहीतर एखादा जाणकार मला रस्त्यात गाठेल.) फौज इंग्रजांच्या कामाची, पगार निजामाच्या खिशातून. पगार थकत गेला, कर्ज चढत गेलं, आणि 1853 साली डलहौसीच्या काळात त्या खर्चापोटी निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं.

"तुझं कुणी आहे का रे पैनगंगेपलीकडं?"

"वाशिमला आत्या हाय."

"वाशिम वऱ्हाडात. आत्याचं गाव असं इंग्रजांकडं गेलं."

पोरगा जरा वेळ नकाशाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आमच्या रिसाल्यातल्या शिपायांच्या पगारात आत्याचं गाव गेलं?"

तीस वर्षांत अशी वाक्यं मला मोजकीच ऐकायला मिळाली.

बाप इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "बाई, हे पेपरात येतंय का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. दिवसभर पोती वाहून आणलेल्या पैशातून फी द्यायची आहे त्याला. मी म्हटलं, रिसाल्याचं काही येत नाही. तैनाती फौजेच्या अटी येतात. मग पोराला कागद दिला आणि अटी लिहायला सांगितल्या. चारपैकी तीन आल्या, स्वतःच्या मोडक्यातोडक्या भाषेत. खर्चासाठी मुलूख तोडून द्यायची अट त्यानं सगळ्यात वर लिहिली. रेसिडेंट मात्र विसरला.

सर शोधण्याआधी एवढं तुम्ही घरी करून बघा. त्यासाठी तुम्हाला इतिहास यायला हवा असं नाही. लेकराला धड्यातला एक परिच्छेद वाचायला लावायचा, पुस्तक मिटायचं आणि सांग म्हणायचं. वाचतानाच अडखळत असेल तर त्याला इतिहासाचा सर देऊन काय उपयोग? त्याला आधी मराठी वाचन पक्कं करून देणारं माणूस लागतं, मग ते शेजारची बारावीतली ताई का असेना. वाचतंय पण सांगता येत नाही, तर शब्दांचा अर्थ अडलाय. तोंडी झकास सांगतंय आणि पेपरात कमी पडतंय, तर लिहिण्याचा सराव नाही. तिघांना तीन वेगळी माणसं लागतात आणि आपण तिघांनाही एकाच क्लासात नेऊन बसवतो. सेमी-इंग्रजीच्या मुलांचं तर आणखी वेगळं. गणित-विज्ञान इंग्रजीत घोकता घोकता मराठीतले लांब परिच्छेद वाचायची सवयच मोडते, आणि मार्क जातात इतिहासात.

आता माझं स्वतःचं सांगते. पहिली बरीच वर्षं मीही फळ्यावर उत्तरं लिहून देत होते. साठ-सत्तर पोरं, पस्तीस मिनिटांचा तास, धडे संपवायची घाई. पोरं उतरवून घ्यायची, मी खाली सही करायची. एकदा चाचणी तपासताना लक्षात आलं की अठरा पोरांनी एकाच ठिकाणी एकच चूक केली आहे, आणि ती चूक माझी होती. फळ्यावर 1857 च्या जागी घाईत 1867 पडलं होतं. एकानंही विचारलं नाही, "बाई, असं कसं?" त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढं माझ्या भाच्याच्या बाबतीत तेच बघितलं. त्याला एका नावाजलेल्या क्लासला घातलं होतं, वर्षाची फी एकरकमी भरून. तीन महिन्यांनी वही बघितली तर सुंदर अक्षर, लाल-निळ्या शाईतल्या रेघा, एकही खाडाखोड नाही. मी त्यातलाच एक प्रश्न विचारला, त्याला काही म्हणजे काही सांगता येईना. म्हणून तुम्हाला सांगते, शिकवणीची वही फार देखणी दिसली की जरा सावध व्हा. शिकणाऱ्या पोराची वही खाडाखोडीची असते.

सर शोधायचा म्हटलं की आपले डोळे आधी फ्लेक्सकडं जातात. निकाल लागले की चौकाचौकात पोरांचे फोटो आणि खाली टक्के. त्या फोटोतलं पोर त्या क्लासात किती महिने बसलं आणि मुळात किती हुशार होतं, हे फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं. नव्वदवाल्याला पंच्याण्णवला नेणारा सर तुमच्या तीसवाल्या पोराला पन्नासला नेईलच असं नाही, ते वेगळं काम आहे. तुमच्या पोरासारखंच जेमतेम असलेलं आणि वर्षभरात सुधारलेलं एखादं पोर गल्लीत शोधा, आणि त्याच्या आईला विचारा ते कुठं जातं.

दुसरी नजर जाते शाळेतल्याच सरांकडं. यात एक माहीत असू द्या: 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 28 व्या कलमानं शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. वर्गातलेच सर "माझ्याकडं लाव, मग बघतो" असं सुचवत असतील तर वाईटपणा न घेता बाजूला व्हा. मी नोकरीत असताना आमच्यातल्याच काहींना हे करताना पाहिलं आहे. जे वर्गात सांगायचं ते घरी सांगतात आणि वर्गात बसलेल्या गरीब पोराला उरतो तो चोथा. शाळेतल्या सरांना भेटायचं ते वेगळ्या कामासाठी. लेकरू नेमकं कुठं अडतंय ते त्यांच्याकडून समजून घ्या. चांगले सर दहा मिनिटांत सांगतात आणि पैसे मागत नाहीत.

मग सर मिळणार कुठं? मी सांगते ते ऐकून पहिल्यांदा हसू येतं सगळ्यांना. अभ्यासिकेत.

आपल्या हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीला आता गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. एका खोलीत लाकडी खण करून बसलेली पंचवीस-तीस पोरंपोरी, समोर पाण्याची बाटली, भिंतीला नकाशा. कुणी एमपीएससीची तयारी करतं, कुणी तलाठ्याची, कुणी पोलीस भरतीची. यातली कितीतरी इतिहासात एम.ए. झालेली, काहींचं बी.एड. झालेलं, आणि सगळ्यांच्या खणात काय असतं माहीत आहे? बालभारतीची पाचवी ते दहावीची पुस्तकं. राज्यसेवेची तयारी करणाराला पहिला सल्ला हाच मिळतो, आधी शालेय पुस्तकं वाच. तुमच्या लेकराचं इतिहासाचं पुस्तक तालुक्यात सगळ्यात बारकाईनं कुणी वाचलं असेल तर या पोरांनी. पेन्सिलीनं समासात टिपा काढून, चार-चार वेळा. त्यांना महिन्याचं खोलीभाडं आणि मेसचे पैसे काढायचे असतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी तास-तासभर शिकवायला यातलं कुणीतरी सहज तयार होतं, आणि इतिहासाला तेवढं पुरतं. गणितासारखी रोज बैठक लागत नाही.

अडचणी आहेत, त्याही सांगते. ही पोरं इतिहासाकडं चार पर्यायांच्या खेळासारखं बघतात: सन सांग, व्हाईसरॉय सांग, पुढं चल. शाळेच्या पेपरात सकारण स्पष्ट करा असतं, टीप लिहा असते, उतारा वाचून उत्तरं असतात. तिथं कारण जोडून लिहावं लागतं. आणि जाहिरात निघाली की हा सर अभ्यासात गडप होणार किंवा पुण्याची गाडी धरणार. म्हणून पहिल्याच दिवशी बोलून घ्या, परीक्षेपर्यंत थांबणार का. फी महिन्याची ठेवा. पहिला महिना दोघांनीही एकमेकांना बघायचा, जमलं तर पुढं.

सराला पारखायचं कसं, असं मला एका आईनं विचारलं होतं, ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. मी तिला म्हटलं, पहिल्या दिवशी तिथंच बस, पाणी आणून दे, आणि फक्त मोज. तासाभरात बोलतंय कोण जास्त, सर की लेकरू? सरच बोलत असेल तर तसा सर युट्यूबवर फुकट मिळतो. दहावीचं पोर असेल तर आणखी एक सोपी पारख आहे. सराला विचारा, पहिला धडा कसा घेता? दहावीचं इतिहासाचं पुस्तक 2018 साली बदललं आणि त्याचा पहिलाच धडा इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा. देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको. कुरुंद्याचं किंवा आजेगावचं पोर ही नावं बघूनच पुस्तक मिटतं. "ते पाठ करून घेतो" म्हणणारा सर असेल तर पुढचा बघा. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं हा धडा शेताच्या बांधाच्या भांडणावरून सुरू केला होता: दोन भाऊ दोन गोष्टी सांगतात, तलाठ्याचा कागद तिसरी सांगतो, खरं काय ते कसं ठरवायचं? कागदपत्रं तपासून मगच लिहा, असा आग्रह धरणारा रांके त्या पोरांना कुणी परका वाटला नाही. बांधाचं भांडण कुणाच्या घरात नाही?

चांगल्या सराचं बोलणं निघालं की इथं कुणीतरी नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांची गोष्ट काढणारच. नर्सी नामदेवांचं गाव, औंढ्याचं देऊळ, पिंडीवर पाय ठेवून झोपलेले विसोबा, सगळं आपल्याच जिल्ह्यातलं. व्याख्यानांत ती गुरूचा महिमा म्हणून सांगतात. मला तिच्यातली दुसरीच गंमत आवडते. नामदेव रागावतात, पाय काढा म्हणतात, आणि विसोबा म्हणतात, जिथं देव नाही तिथं तूच ठेव माझे पाय. व्याख्यान नाही, टीप नाही, एक काम दिलं आणि पोराला, म्हणजे नामदेवांना, करून बघायला लावलं.

मुलींचं मात्र वेगळं बोलायला हवं. सेनगाव तालुक्यातल्या एका गावची मुलगी नववीत होती, तिच्या वडिलांनी तालुक्याच्या ठिकाणी उत्तम क्लास शोधला. वेळ साडेपाच ते साडेसहा. आता मानव विकासची निळी बस मुलींना शाळेतून घरी नेते ती शाळा सुटल्यावर, तुमच्या क्लासासाठी थांबत नाही. मग मुलगी कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून अंधारात यायची. महिन्याभरात आजीनं क्लास बंद केला, आणि बरोबर केला. वेळ शाळा भरण्याआधीची बघा, नाहीतर गावातच कुणी बघा, नाहीतर चार मुली मिळून सरालाच रविवारी गावात बोलवा, एसटीचं भाडं चौघींत वाटून घ्या. शिकवणी कुठंही असो, ओसरीत असावी किंवा दार उघडं असावं, घरातलं मोठं माणूस जवळपास असावं. तुम्ही मधूनच न सांगता डोकावत जा. चांगल्या सराला याचा राग येत नाही. येत असेल तर दुसऱ्या दिवशी लेकरू पाठवू नका. आणि लेकरू एकाएकी "मला तिथं जायचं नाही" म्हणायला लागलं तर आधी रागावू नका, शांतपणे विचारा.

फीचं गणित शाळेच्या वर्षाप्रमाणं चालतं आणि आपलं पिकाप्रमाणं. जूनमध्ये क्लासवाला पूर्ण वर्षाची फी मागतो, तेव्हा आपला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. हळदीचा पैसा उन्हाळ्यात येतो, सोयाबीनचा दिवाळीच्या तोंडावर. म्हणून हप्ते मागा, लाजू नका. केंद्र सरकारनं जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात विद्यार्थ्यानं मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी असं म्हटलं आहे. या सूचना पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या सेंटरसाठी आहेत. सोळा वर्षांखालच्या मुलांना अशा सेंटरमध्ये प्रवेशच देऊ नये, असंही त्यात आहे. फ्लेक्सवर सहावी-सातवीचं "फाउंडेशन" दिसलं की हे आठवा.

बाकीच्या विषयांचं थोडक्यात. गणिताला रोज बसवणारा लागतो आणि तो घराजवळचा असावा, कारण खाडा झाला की साखळी तुटते. इंग्रजीला पुस्तकाबाहेरचं वाचून घेणारा. विज्ञानाला शाळेतली प्रयोगशाळा उघडून देणारे सर मिळाले तर शिकवणीचे निम्मे पैसे वाचले. एकाच माणसाकडं "ऑल सब्जेक्ट" लावू नका. कुठलाच विषय त्याचा आवडता नसतो, असा माझा अनुभव आहे. चौथीपर्यंत ठीक, पुढं नको.

आणि इतिहासाला कशाला पैसे घालायचे, असं म्हणणाऱ्यांना दोन आकडे. आठवीला एनएमएमएस परीक्षा असते. त्यातला शालेय पेपर 90 गुणांचा, त्यात समाजशास्त्राला 35 गुण, विज्ञानाइतकेच, आणि गणिताला 20. ती निघाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये शिष्यवृत्ती. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या, कमी उत्पन्नाच्या घरच्या मुलांसाठी ही परीक्षा आहे, म्हणजे बहुतेक आपल्याच. दहावीला इतिहास-राज्यशास्त्र 40, भूगोल 40 आणि अंतर्गत 20 मिळून शंभर. गणितानं खाली ओढलेलं पोर बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये याच शंभरावर तरतं.

खाजगी शिकवणं आपल्या मराठवाड्याला नवं नाही, हेही त्या हमालदादांना मी त्या संध्याकाळी सांगितलं. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून होतं, 1918 सालचं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. मराठी लेकरांना मराठीतून शिकवायचं तर लोकांनी स्वतः शाळा काढायच्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा 1921 साली अशीच निघाली आणि तिथं शिकवायला आले स्वामी रामानंद तीर्थ. मास्तर पुढं निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी झाले. देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला आणि आपण 17 सप्टेंबर 1948 ला, तेरा महिन्यांनी. वसमतच्या बहिर्जी कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते बहिर्जी शिंदे याच लढ्यातले हुतात्मे. पोरगा म्हणाला, "आमची पणजी सांगायची, रझाकार आले की कणगीत लपायचे म्हणून." बाप त्याच्याकडं बघतच राहिला. ही गोष्ट घरात होती हे त्याला माहीत होतं, पोराला माहीत आहे हे नव्हतं.

पोराला सर मिळाला तो अभ्यासिकेतलाच, तोफखान्यात खोली करून राहणारा. आठवड्याला दोन दिवस, मंगळवार आणि शनिवार, हमालदादांच्याच ओसरीत. परीक्षा झाली. पोरगा पास झाला, फार नाही, पण पास. निकालाच्या दुसऱ्या दिवशी बाप, पोरगा आणि सर, तिघंही पेढे घेऊन आले. पेढ्यांच्या पुड्यावर पुन्हा पिवळा अंगठा.

बसल्या बसल्या पोरगा म्हणाला, "बाई, सरांना विचारलं तर ते म्हणाले तुम्हाला विचार. एवढे घोडे होते रिसाल्यात, तर त्यांना वैरण कुठून आणायचे?"

मी तोंड उघडायच्या आत बाप म्हणाला, "कुठून म्हंजे? खेड्यातून गाड्या येत असतील. अन् उतरून घ्यायला आमच्यासारखे असतीलच की तिथं."

सरानं खिशातून पेन काढलं आणि पेढ्याच्या पुड्यावरच लिहून घेतलं.